बुरशीतून औषध शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग

इयत्ता ४ थी, हजेरी क्रमांक ११

या वेळी आपल्या भित्तिपत्रकाचा विषय थोरांची चरित्रे असा आहे. कुणी शिवाजी महाराज घेतले, कुणी सावित्रीबाई फुले घेतल्या, कुणी महात्मा गांधी घेतले. मी अलेक्झांडर फ्लेमिंग हे शास्त्रज्ञ घेतले. ते आपल्या देशाचे नव्हते, स्कॉटलंडचे होते. मग मी त्यांनाच का घेतले, ते आधी सांगते.

गणपतीच्या सुट्टीत माझा जेवणाचा डबा दप्तरातच राहिला. त्यात अर्धी भाकरी होती. पाच दिवसांनी डबा उघडला तर काय, भाकरीवर पांढरी कापसासारखी लव आली होती आणि मधे मधे हिरवट निळी भुकटी. वास तर विचारूच नका. आई लई रागावली आणि ती घाण उकिरड्यावर टाकून यायला सांगितली. मी टाकायला निघाले होते, पण वाटेत गुरुजी भेटले. गुरुजींनी डबा पाहिला आणि ती भाकरी फेकू नको असे सांगितले. त्यांनी ती एका काचेच्या बरणीत घातली, झाकण घट्ट लावले आणि वर्गात खिडकीत ठेवली. आम्ही सगळ्यांनी चार दिवस ती भिंगातून पाहिली. पाचव्या दिवशी गुरुजींनी आम्हाला फ्लेमिंग यांची गोष्ट सांगितली आणि पुस्तकांच्या पेटीतून एक पुस्तक मला वाचायला दिले.

ही गोष्ट मी घरी सांगितली. आमच्या घरी माझी पणजी आहे. तिला आम्ही सगळे मोठी आई म्हणतो. ती ऐकत होती आणि मग एकदम गप्प झाली. थोड्या वेळाने तिने सांगितले, की तिला एक थोरला भाऊ होता. तो अकरा वर्षांचा असताना त्याच्या पायात बाभळीचा काटा मोडला. काटा काढला, पण पाय सुजला, पू झाला, ताप चढला. आठ-दहा दिवसांत तो गेला. तेव्हा मोठी आई पाच वर्षांची होती. अजूनही आम्ही अनवाणी रानात निघालो की ती काठी आपटते. तिने मला विचारले, की हे औषध तेव्हा निघाले होते का, आणि निघाले होते तर ते तिच्या भावाला का मिळाले नाही. मला उत्तर येत नव्हते. म्हणून मी हे चरित्र लिहायला घेतले. उत्तर शेवटी सांगते.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमध्ये डार्व्हेल गावाजवळ एका शेतावर झाला. त्या शेताचे नाव लॉकफील्ड. घरचे सगळे त्यांना अलेक म्हणत. वडील शेतकरी होते. घरी मेंढ्या होत्या, गाई होत्या. भावंडे पुष्कळ होती. अलेक सात वर्षांचा असताना त्याचे वडील वारले. मग आईने आणि थोरल्या भावांनी शेती सांभाळली.

अलेकची पहिली शाळा माळरानावरची होती. लहानशी शाळा, थोडीच मुले. अगदी आपल्यासारखी. पुढे तो डार्व्हेलच्या शाळेत जाऊ लागला. ती चार मैल लांब होती. म्हणजे जायला सहा किलोमीटरच्या वर आणि यायला तितकेच. तिकडे थंडी फार. म्हणून आई मुलांच्या खिशात गरम गरम बटाटे द्यायची. रस्त्याने बटाट्यांनी हात शेकायचे आणि दुपारी तेच खायचे. मला ही युक्ती फार आवडली. शाळेत एकदा पळताना अलेक दुसऱ्या मुलावर आदळला आणि त्याचे नाक बसले. ते जन्मभर चपटेच राहिले.

सुट्टीत अलेक आणि त्याची भावंडे रानात हिंडत. ओढ्यात हात घालून दगडाखालचे मासे धरत. माशाला कळू न देता हळूच हात न्यावा लागतो, नाहीतर मासा निसटतो. पक्ष्यांची घरटी कुठे, ससा कुठून पळतो, हे त्यांना पाठ होते. गुरुजींचे मत असे, की फ्लेमिंग यांना बारीक पाहायची सवय या रानातच लागली.

तेराचौदा वर्षांचा झाल्यावर अलेक लंडनला गेला. तिथे त्याचा थोरला सावत्र भाऊ डॉक्टर होता. तिथे थोडे शिक्षण झाले आणि मग पैशाची अडचण म्हणून तो एका जहाज कंपनीच्या कचेरीत कारकून झाला. चार वर्षे त्याने हिशेब लिहिले. ते काम त्याला आवडत नव्हते. इतक्यात त्याचे एक काका वारले आणि त्यांच्या मागे अलेकच्या वाट्याला २५० पौंड आले. डॉक्टर भावाने त्याला डॉक्टरकी शिकण्याचा सल्ला दिला. लंडनमध्ये बारा वैद्यकीय शाळा होत्या. अलेकला कोणतीच माहीत नव्हती. पण पाण्यातल्या चेंडूच्या खेळात तो एकदा सेंट मेरी इस्पितळाच्या विद्यार्थ्यांविरुद्ध खेळला होता. म्हणून त्याने सेंट मेरी निवडले! १९०१ साली तो तिथे शिकू लागला आणि १९०६ साली डॉक्टर झाला. वीस वर्षांचा झाल्यावर पुन्हा विद्यार्थी व्हायला तो लाजला नाही. परीक्षांत त्याला पुष्कळ बक्षिसे मिळाली.

आता ते डॉक्टर झाले, म्हणून मी त्यांना फ्लेमिंग म्हणते. त्याच इस्पितळात ऑल्मरॉथ राइट नावाचे मोठे डॉक्टर होते. ते जंतूंचा अभ्यास करीत आणि लशी तयार करीत. फ्लेमिंग त्यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले आणि मग जन्मभर तिथेच राहिले.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. फ्लेमिंग सैन्यातले डॉक्टर म्हणून फ्रान्समध्ये बुलोन या गावी गेले. तिथे त्यांनी फार वाईट पाहिले. बॉम्बने जखमी झालेले सैनिक येत. जखमेत चिखल, कापड, लोखंडाचे तुकडे गेलेले असत. जखमेवर जंतुनाशक औषध ओतले तरी जखम चिघळायची आणि सैनिक मरायचे. फ्लेमिंग विचार करू लागले, की औषध घालूनही असे का होते. त्यांनी काचेच्या नळीला आतून बाहेर काट्यासारखी टोके काढून एक खोटी जखम बनवली. तिच्यात जंतू घातले, मग औषध घातले. औषध मधल्या भागात पोचले, पण टोकांत लपलेले जंतू जिवंतच राहिले. शिवाय त्यांना असेही दिसले, की ही कडक औषधे रक्तातल्या पांढऱ्या पेशींनाच आधी मारतात. पांढऱ्या पेशी म्हणजे आपल्या शरीरातले शिपाई. म्हणजे औषध चोर सोडून शिपायालाच मारत होते. तेव्हापासून फ्लेमिंग यांच्या मनात एकच गोष्ट बसली. जंतूंना मारील पण माणसाला दुखवणार नाही, असे औषध पाहिजे.

युद्ध संपल्यावर ते परत आले. १९२१ साली त्यांना सर्दी झाली होती. त्यांनी काय केले, तर आपल्या नाकातला शेंबूड जंतूंच्या काचेच्या बशीत घातला! हे वाचून आमचा सगळा वर्ग हसला. पण काही दिवसांनी पाहतात तर शेंबडाजवळचे जंतू विरघळून गेलेले. मग त्यांनी डोळ्यातले पाणी तपासले, थुंकी तपासली, अंड्यातला पांढरा बलक तपासला. सगळ्यांत तो पदार्थ निघाला. त्याचे नाव लायसोझाइम. डोळ्यातले पाणी पाहिजे म्हणून ते डोळ्याजवळ लिंबू पिळत आणि अश्रू नळीत धरत. आपले अश्रू डोळ्याचे राखण करतात, हे मला तेव्हाच कळले. पण लायसोझाइम ज्या जंतूंना मारतो ते बहुतेक साधे जंतू असतात. मोठ्या रोगाचे जंतू त्याने मरत नव्हते. म्हणून शोध थांबला नाही.

आता मुख्य गोष्ट आली. १९२८ साल होते. फ्लेमिंग पू करणाऱ्या जंतूंचा अभ्यास करीत होते. हे जंतू सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहिले तर द्राक्षांच्या घडासारखे दिसतात. ते काचेच्या बशीत, खळीसारख्या पदार्थावर वाढवतात. फ्लेमिंग यांचे टेबल काही नीटनेटके नसायचे. ऑगस्ट महिन्यात ते घरच्या माणसांबरोबर सुट्टीवर गेले आणि बशा टेबलाच्या कोपऱ्यात एकावर एक रचून ठेवल्या. माझ्या डब्यासारखेच झाले म्हणा ना.

३ सप्टेंबर १९२८ रोजी ते परत आले. जुन्या बशा धुवायच्या म्हणून त्यांनी त्या औषधाच्या पाण्याच्या तबकात टाकल्या होत्या. बशा इतक्या होत्या, की वरच्या बशा पाण्यात बुडाल्याच नव्हत्या. तेवढ्यात त्यांचे एक जुने सहकारी भेटायला आले. त्यांना दाखवायला म्हणून फ्लेमिंग यांनी वरची एक बशी पुन्हा उचलली. तिच्यात बुरशी लागली होती. बुरशी लागलेली बशी म्हणजे वाया गेलेली. कुणीही ती टाकूनच दिली असती. पण फ्लेमिंग यांनी नीट पाहिले. बशीभर जंतूंचे पिवळे ठिपके होते, पण बुरशीच्या भोवती ते नव्हते. जवळचे ठिपके पुसट होऊन विरघळत होते. जणू बुरशीने आपल्या भोवती कुंपण घातले होते आणि जंतूंना आत यायची बंदी होती.

फ्लेमिंग यांनी ती बशी टाकली नाही, जपून ठेवली. बुरशीचा एक कण घेऊन वेगळा वाढवला.

आता मी या बुरशीची माहिती सांगते. बुरशी ही झाड नाही आणि प्राणीही नाही. तिला हिरवी पाने नसतात, म्हणून ती झाडासारखे आपले अन्न आपण तयार करू शकत नाही. ती ज्याच्यावर वाढते त्यातूनच अन्न शोषते. भाकरी, लिंबू, ओले लाकूड, चामडे, काहीही तिला चालते. तिचे धागे असतात. आधी पांढऱ्या धाग्यांचे जाळे पसरते. मग धाग्यांच्या टोकावर बीजासारखे कण तयार होतात. त्यांना बीजाणू म्हणतात. ते इतके बारीक असतात, की हवेत उडतात आणि आपल्याला दिसत नाहीत. ते जिथे ओल आणि अन्न मिळेल तिथे रुजतात. म्हणून पावसाळ्यात बुरशी जास्त येते.

फ्लेमिंग यांच्या बशीतली बुरशी पेनिसिलियम कुळातली होती. लॅटिन भाषेत त्या नावाचा अर्थ लहान कुंचला किंवा ब्रश असा आहे. कारण सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहिले तर तिच्या धाग्याच्या टोकाला कुंचल्यासारख्या फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीवर बीजाणूंची माळ असते. ती मधे निळसर हिरवी असते आणि कडेला पांढरी. पातळ पदार्थात वाढवली तर पदार्थ पिवळा होतो. लिंबावर आणि संत्र्यावर जी हिरवी निळी भुकटी येते तीही याच कुळातली असते. पण या कुळात पुष्कळ जाती आहेत. फ्लेमिंग यांच्या जातीला पुढे पेनिसिलियम नोटॅटम असे नाव दिले. नंतर तिला दुसऱ्या एका जातीत धरू लागले. २०११ साली शास्त्रज्ञांनी पुन्हा बारीक तपासणी केली आणि आता तिचे नाव पेनिसिलियम रुबेन्स असे मानतात. मी विचारले, की माझ्या डब्यातली बुरशी तीच होती का. गुरुजींनी सांगितले, की ते नुसते पाहून कळत नाही. बुरशीच्या काही जाती विषारी असतात. म्हणून मुलांनो, बुरशी आलेले अन्न खाऊ नका, तिचा वास घेऊ नका आणि जखमेवर तर मुळीच लावू नका.

ती बुरशी बशीत आली कशी? फ्लेमिंग यांच्या प्रयोगशाळेच्या खालच्या मजल्यावर दुसरे शास्त्रज्ञ बुरशींचा अभ्यास करीत. बहुधा तिथूनच एखादा बीजाणू हवेतून वर आला असावा. नंतर शास्त्रज्ञांनी जुनी नोंद तपासली, तेव्हा असे दिसले, की त्या वर्षी लंडनमध्ये आधी काही दिवस हवा थंड होती आणि मग उष्ण झाली. थंडीत बुरशी आधी वाढली आणि उष्णतेत जंतू मागून वाढले. उलटे झाले असते तर हा प्रकार दिसलाच नसता.

फ्लेमिंग यांनी बुरशी रस्स्यासारख्या पातळ पदार्थात वाढवली आणि तो पिवळा रस गाळून घेतला. तो रस आठशेपट पातळ केला तरी पू करणाऱ्या जंतूंची वाढ थांबत होती. घशाचे, निमोनियाचे आणि घटसर्पाचे जंतूही त्याने थांबत होते. पण टायफॉइडच्या जंतूंवर त्याचा परिणाम झाला नाही. मग त्यांनी सशाला आणि उंदराला तो रस टोचला. त्यांना काही झाले नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशींनाही काही झाले नाही. युद्धापासून ते जे शोधत होते तेच हे होते! आधी ते त्याला बुरशीचा रसच म्हणत. १९२९ साली त्यांनी त्याचे नाव पेनिसिलिन ठेवले आणि त्याच वर्षी शास्त्रज्ञांच्या मासिकात लेख छापला.

पेनिसिलिन काम कसे करते तेही सांगते. जंतूच्या अंगाभोवती एक भिंत असते. जंतू वाढताना ती भिंत त्याला सारखी बांधावी लागते. पेनिसिलिन ते बांधकाम अडवते. मग भिंत कच्ची राहते आणि जंतू फुटून जातो. आपल्या शरीरातल्या पेशींना अशी भिंत नसते, म्हणून आपल्याला इजा होत नाही. हे कारण पुष्कळ वर्षांनी कळले. मात्र काही माणसांना हे औषध सोसत नाही. म्हणून डॉक्टर आधी विचारतात किंवा हातावर थोडे टोचून पाहतात.

मला वाटले, झाले, औषध मिळाले. पण तसे झाले नाही. बुरशीच्या रसात पेनिसिलिन अगदी थोडे असायचे आणि ते वेगळे काढायला गेले की नासून जायचे. फ्लेमिंग यांनी आणि त्यांच्या मदतनिसांनी प्रयत्न केला, पण जमले नाही. ते जंतूंचे अभ्यासक होते, रसायनाचे नव्हते. लेखाकडे इतरांनीही फार लक्ष दिले नाही. पण फ्लेमिंग यांनी एक काम केले. त्यांनी ती बुरशी मरू दिली नाही. ती वर्षानुवर्षे वाढवत ठेवली आणि जो मागेल त्याला दिली. आपली आई विरजण मोडू देत नाही आणि शेजारणीने मागितले तर वाटीत देते, तसेच.

अशी दहा वर्षे गेली. मग ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली या शास्त्रज्ञांनी तो जुना लेख वाचला आणि काम सुरू केले. फ्लोरी ऑस्ट्रेलियाचे होते. चेन जर्मनीतून जीव वाचवून आलेले होते. तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. सामान मिळत नव्हते. त्यांनी बुरशी वाढवायला दुधाच्या किटल्या, न्हाणीचे टब आणि इस्पितळातली आजाऱ्यांची भांडीसुद्धा वापरली. हे काम करायला सहा मुली ठेवल्या होत्या. शत्रू आला तर बुरशी हातची जाऊ नये म्हणून शास्त्रज्ञांनी तिचे बीजाणू आपल्या कोटाच्या आत चोळून ठेवले होते!

२५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना घातक जंतू टोचले. त्यातल्या चार उंदरांना पेनिसिलिन दिले, चार उंदरांना दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर औषध न दिलेले चारही उंदीर मेले होते आणि औषध दिलेले चारही जिवंत होते.

मग १२ फेब्रुवारी १९४१ रोजी एका आजारी पोलिसाला पेनिसिलिन टोचले. त्याच्या तोंडावरची जखम चिघळली होती. एक डोळा काढावा लागला होता. औषध दिल्यावर एका दिवसात ताप उतरू लागला. तो जेवू लागला. पण औषध फार थोडे होते. त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलिन पुन्हा गोळा करून, शुद्ध करून त्यालाच टोचले. तरी पाचव्या दिवशी औषध संपले. जंतू पुन्हा वाढले आणि १५ मार्च १९४१ रोजी तो पोलीस मरण पावला. हे वाचताना मला रडू आले. औषध खोटे नव्हते, पुरले नाही. त्यानंतर त्यांनी लहान मुलांवर उपचार केले, कारण लहान मुलाला औषध थोडे लागते.

पुढे फ्लोरी आणि हीटली अमेरिकेला गेले. तिथे पिओरिया गावच्या प्रयोगशाळेत मक्याचे पीठसत्त्व काढल्यावर उरलेल्या पाण्यात बुरशी वाढवली. तिथे ती जोमाने वाढली. जास्त पेनिसिलिन देणारी बुरशी शोधायला जगभरची माती आणली. पण १९४३ साली चांगली बुरशी सापडली ती त्याच गावच्या बाजारातल्या एका नासक्या खरबुजावर! मग मोठमोठ्या टाक्यांत औषध तयार होऊ लागले. १९४४ साली युद्धातल्या जखमी सैनिकांना ते भरपूर मिळू लागले. पहिल्या युद्धात फ्लेमिंग यांच्या डोळ्यांसमोर जे सैनिक गेले, तसे आता हजारो वाचले.

१९४२ साली फ्लेमिंग यांच्या ओळखीचे एक गृहस्थ मेंदूच्या आवरणाला सूज येऊन मरणाला टेकले होते. फ्लेमिंग यांनी फ्लोरी यांच्याकडे औषध मागितले. फ्लोरी यांनी जवळ होते तेवढे सगळे दिले. फ्लेमिंग यांनी ते पाठीच्या कण्यात टोचले आणि ते गृहस्थ खडखडीत बरे झाले. चौदा वर्षांपूर्वी बशीत पाहिलेली गोष्ट त्यांनी त्या दिवशी माणसात पाहिली.

१९४४ साली फ्लेमिंग यांना इंग्लंडच्या राजाने सर ही पदवी दिली. १९४५ साली फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. फ्लेमिंग यांना गर्व झाला नाही. पेनिसिलिन निसर्गाने बनवले, आपल्याला ते फक्त सापडले, असे ते सांगत. पारितोषिकाच्या वेळी केलेल्या भाषणात त्यांनी सर्वांना एक इशारा दिला. औषध कमी प्रमाणात घेतले तर अर्धवट मार खाल्लेले जंतू मरत नाहीत, उलट निबर होतात. मग पुढे त्या जंतूंवर औषध चालत नाही. आज डॉक्टर हीच गोष्ट सांगतात.

हा इशारा आमच्या घरी खरा उपयोगी पडला. मी हे लिहीत असतानाच माझ्या धाकट्या भावाच्या पायात काच घुसली आणि पाय सुजला. बाबांनी त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. डॉक्टरांनी सुई दिली आणि सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांचे नाव गुरुजींना दाखवले तर ते पेनिसिलिनच्याच कुळातले निघाले. तिसऱ्या दिवशी सूज उतरली आणि तो पळू लागला. बाबांनी उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळी कामाला येतील म्हणून फळीवर ठेवून दिल्या. मी फ्लेमिंग यांचा इशारा सांगितला. बाबा हसले. मग मोठ्या आईने काठी आपटली. तिने बाबांना गोळ्या खाली काढायला लावल्या आणि रोज स्वतः मोजून सातव्या दिवसापर्यंत दिल्या. तिच्यापुढे कुणाचे चालत नाही.

आता मोठ्या आईच्या प्रश्नाचे उत्तर. तिच्या आधार कार्डावर जन्मसाल १९३६ आहे. भाऊ गेला तेव्हा ती पाच वर्षांची होती. म्हणजे ते साल १९४१ होते. फ्लेमिंग यांना बुरशी सापडून तेव्हा तेरा वर्षे झाली होती. पण त्या वर्षी सगळ्या जगातले औषध एका पोलिसालासुद्धा पुरले नव्हते. मग ते आपल्या गावापर्यंत कुठून येणार! आपल्या महाराष्ट्रात पुण्याजवळ पिंपरी येथे सरकारने १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला. त्याला जागतिक आरोग्य संघटनेने आणि युनिसेफने मदत केली. १९५५ साली तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. हे सगळे मी मोठ्या आईला वाचून दाखवले. तिने पुन्हा एकदा १९४१ आणि १९५५ यांतली वर्षे मोजायला लावली. चौदा झाली. मग ती म्हणाली काहीच नाही, माझ्या भावाचा पाय मांडीवर घेऊन बसली.

११ मार्च १९५५ रोजी फ्लेमिंग लंडनमध्ये हृदयविकाराने वारले. त्यांच्या अस्थी लंडनच्या सेंट पॉल या मोठ्या चर्चमध्ये ठेवल्या आहेत.

मुलांनो, फ्लेमिंग यांच्या चरित्रातून मी दोन गोष्टी शिकले. पहिली, कोणतीही गोष्ट टाकून देण्याआधी एकदा नीट पाहावी. दुसरी, एकाने शोध लावला तरी तो लोकांपर्यंत न्यायला पुष्कळ जणांचे हात लागतात. फ्लेमिंग, फ्लोरी, चेन, हीटली, त्या सहा मुली आणि कारखान्यातले कामगार, सगळ्यांना माझा नमस्कार.

बरणीतली भाकरी गुरुजींनी शेवटी खड्ड्यात पुरली. झाकण आम्ही उघडले नाही. डबा मी राखेने तीनदा घासला, तरी आई त्यात भाकरी द्यायला तयार नाही.